गूळपाण्यापासून च्यापाण्यापर्यंत

आमच्या बोदवड भागात कोणी दारात आलं, की "च्या घेता का?" असं विचारायची पद्धत नाही. विचारलं म्हणजे पाजायची इच्छा नाही असा अर्थ होतो. माणूस ओट्यावर टेकला की आतून पातेल्याचा आवाज आला पाहिजे. पाहुणा म्हणतो, "राहू द्या हो, आत्ताच झाला." आपण म्हणायचं, "घोटभर घ्या." मग तो घेतो. नाहीच घेतला तर घरातली माणसं ते मनात धरून बसतात, आणि चार वर्षांनी एखाद्या लग्नात ती गोष्ट बाहेर निघते.

ही रीत इतकी मुरलेली आहे की वाटावं, ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताई आमच्या शेजारच्या मुलखात आली तेव्हाही लोकांनी तिला च्याच विचारला असेल. पण खरं पाहिलं तर आमच्या घरातला चहा माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा कपबशी नावाची वस्तू घरात नव्हती. उन्हातून माणूस आला की त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवायचं. ताक असलं तर ताक. थंडीत कोणाला पडसं झालं तर सुंठ आणि गवती चहा घालून काढा. त्या काढ्याला चहा म्हणत नसत, आणि मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या त्या गवताला 'चहा' हे नाव नंतर चिकटलं. म्हणजे खरा चहा आला आणि आमच्या परसातल्या गवताचंही नाव बदलून गेला.

हा बदल कसा झाला, ते मी बरीच वर्षं गोळा करत आलो. काही आजी-आजोबांच्या तोंडून, काही वाचून. त्यातलं जे पक्कं आहे तेवढं इथे मांडतो.

चहा आमच्या उंबरठ्यापर्यंत यायला फार वेळ लागला, पण आमच्या नदीपर्यंत तो लवकर आला होता. आमच्या उत्तरेला तापी वाहते. ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेत १६३८ साली मँडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी आला होता. तिथली परदेशी व्यापारी मंडळी चहा पितात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेत आला. त्याने तर लिहिलं आहे की तिथले वाणी लोक खडीसाखर घालून किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर चहा घेतात, आणि डोकं दुखलं की गरम मसाले टाकून पितात. म्हणजे मसाल्याचा चहा ही काही आजच्या हॉटेलवाल्याची अक्कल नाही. तो चहा चीनहून जहाजाने यायचा आणि औषधासारखा घेतला जायचा. बऱ्हाणपूर ते सुरत अशा मालाच्या गाड्या तेव्हा आमच्या खान्देशातूनच जात. कापड जायचं, नीळ जायची. चहा मात्र खेड्यात उतरला नाही. महाग वस्तू खेड्यातून नुसती जात असते, उतरत नाही.

खेड्यात उतरायचा चहा पुढे आसामात पिकला. तिथले सिंगफो लोक तो आधीपासून पीत होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला ती झाडं त्यांच्याकडून कळली. १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली. मळ्यात राबायला छोटा नागपूरच्या बाजूने आदिवासी माणसं करारावर नेली. करार मोडून पळालं तर मळेवाल्यांना त्यांना धरून आणायचा हक्क कायद्याने दिला होता. मी शेतकरी आहे, म्हणून चहाचा इतिहास वाचताना माझी नजर आधी तिथे जाते. पान कोणी खुडलं, त्याला काय मिळालं. आपल्या कपातल्या पहिल्या घोटाखाली ती माणसं आहेत.

या काळात आमच्याकडे रेल्वे आली. मुंबईहून निघालेला रूळ भुसावळवरून वऱ्हाड ओलांडत १८६७ साली नागपूरला पोहोचला. बोदवडचं स्टेशन त्याच रुळावर, गावापासून जरा लांब, नाडगावच्या अंगाला. त्या रुळाने आमचा कापूस मुंबईला नेला आणि परतीला कायकाय आणलं. रॉकेल आणलं, गिरणीचं कापड आणलं, प्लेग आणला आणि चहाही आणला. म्हातारे सांगत, चहा पहिल्यांदा पाहिला तो भुसावळ जंक्शनवर. तेव्हा मोठ्या स्टेशनांवर 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा वेगवेगळ्या हाळ्या असत. पाणीही वेगळं. पान तेच, दूध तेच, साखर तीच. फरक ओतणाऱ्या हातात.

आणि हा हाताचा प्रश्न नुसत्या स्टेशनावरचा नव्हता. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनात व्याख्यानाला शहरातली मोठमोठी माणसं गेली. त्यांच्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कोणी प्याले, कोणी कप नुसता हातात धरून ठेवून दिला. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी म्हणजे मोठा विक्षिप्त माणूस. त्यांनी ही नावंच 'पुणेवैभव' पत्रात छापून आणली. झालं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. एका कपाने पुण्यातली अख्खी विद्वान मंडळी दोन वर्षं हैराण केली. आमच्या खेड्यात असं काही झालं नाही, कारण खेड्यात त्या वेळी चहाच नव्हता. पण चहा आला तेव्हा त्याच्याबरोबर हा प्रश्न आलाच. त्याच्याकडे पुढे येतो.

चहा खेड्यात शिरला त्याचं खरं कारण आमची तहान नव्हे. मळेवाल्यांची अडचण हे कारण. १९०३ साली सरकारने कायदा करून बाहेर जाणाऱ्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पण जोर चढला तो १९३० नंतरच्या मंदीत. ती मंदी आमच्याकडेही अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. कापसाचा भाव पार पडला, सावकाराच्या वहीत जमिनी गेल्या. तसाच परदेशात चहाचाही भाव पडला आणि माल पडून राहायला लागला. कापूसवाला शेतकरी काय करणार? तो रडला आणि गप्प बसला. मळेवाले गप्प बसले नाहीत. त्यांनी म्हटलं, साहेब पीत नसेल तर इथल्या कोट्यवधी लोकांनाच प्यायला शिकवू. १९३७ साली त्यांच्या समितीचं नाव बदलून इंडियन टी मार्केट एक्सपान्शन बोर्ड झालं. नावातच काम लिहिलं होतं, बाजार वाढवायचा.

त्यांनी काय नाही केलं? स्टेशनांवर रंगीत पाट्या लावल्या. त्यांच्यावर चित्रं आणि देशी भाषांत चहा कसा करायचा त्याच्या पायऱ्या. बाजारात, जत्रेत चहाच्या गाड्या नेल्या. शहरात घरोघर माणसं पाठवून बायकांना चहा करून दाखवला. फुकट पाजला. एका पैशाची पुडी काढली, म्हणजे गरिबालाही 'घेऊन तर पाहू' असं वाटावं. गिरणीत, कारखान्यात मजुरांना चहाची सुट्टी मिळावी म्हणून मालकांच्या मागे लागले. ब्रुक बाँड, लिप्टन अशा कंपन्यांचे विक्रेते गावोगावच्या दुकानात पोचले. दुसऱ्या महायुद्धात फौजेला चहाच्या गाड्या पुरवल्या. फौजेतून परतलेला माणूस गावात दोन गोष्टी घेऊन आला, खाकी पँट आणि चहाची तलप.

त्या पाट्यांवरची कृती ध्यानात घेण्यासारखी आहे. ताजं पाणी घ्या. चांगलं उकळा. किटली आधी गरम पाण्याने ऊन करून घ्या. माणशी एक चमचा पत्ती आणि एक चमचा किटलीचा. वर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, पाच मिनिटं मुरू द्या. मग कपात ओता आणि दूध, साखर वरून घाला. थोडक्यात, पत्ती उकळायची नाही.

गंमत अशी, की चहाच्या विरोधात असलेल्या गांधीजींचं म्हणणंही या एका बाबतीत मळेवाल्यांशी जुळतं. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन आमच्याच जिल्ह्यात, तापीपलीकडे फैजपूरला भरलं. गांधीजी तिथे आले होते. आमच्या भागातले पुष्कळ लोक पायी, बैलगाडीने त्यांना पाहायला गेले. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात चहात टॅनिन असतं, ते अपायकारक, म्हणून चहाची गरज नाही असं सांगितलं. आणि घ्यायचाच असेल तर? पत्ती गाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओता, खाली उतरेल ते गवताच्या काडीच्या रंगाचं हवं. म्हणजे मळेवाला म्हणतो उकळू नका, महात्मा म्हणतो उकळू नका. आणि आमच्या माणसांनी दोघांचंही ऐकलं नाही. पातेल्यात पाणी, पत्ती, साखर, दूध सगळं एकत्र टाकलं आणि खदखदून उकळलं.

का उकळलं? अडाणी होते म्हणून नाही. त्याला हिशेब होता. एक तर किटली कोणाकडे होती? चुलीवर जर्मनचं एक पातेलं, तेवढंच. दुसरं, खालची पराटीची आग. कपाशीच्या वाळक्या काड्या भराभर पेटतात आणि भराभर विझतात. त्या आगीवर काम एकदम उरकावं लागतं. तिसरं, पत्ती महाग. उकळली की तिचा शेवटचा रंगही उतरतो. आणि चौथं, आमच्या लोकांना दुधाची चव पाहिजे. चहा म्हणजे रंगीत दूध अशीच सुरुवातीला समजूत होती.

आमच्या घरात चहा आला तो आजोबांच्या हाताने. बोदवडच्या बाजारात सरकी-ढेप आणायला जात, तिथे आडत्याच्या दुकानात चहा मिळायचा. एकदा पुडी घेऊन आले. आजीने विचारलं, "हे काय वो?" आजोबा म्हणाले, "च्या. बोदवडले सगळे पेतात." तेव्हाची पत्ती म्हणजे खरंच पान होतं, वळलेलं, काळपट, लांबट. दुकानदार पत्र्याच्या पेटीतून काढून तराजूत तोलून कागदात बांधून द्यायचा. आजी ती पत्ती मिठासारखी जपून वापरायची. जुन्या धोतराचा तुकडा गाळायला, तो वापरून वापरून वीटकरी झालेला. पहिला चहा पुरुषांना. मग गाळलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी टाकून, पुन्हा उकळून जो फिका चहा निघायचा, तो बायकांचा. दूध त्यात नसायचंच. माझ्या आईने पहिली कित्येक वर्षं ते 'दुसरं पाणी' प्यायलं, तेही चुलीपाशी उभ्या उभ्या. वाटीत. कप पुरुषांना आणि पाहुण्यांना पुरायचे तेवढेच.

पुढे पान गेलं आणि दाणा आला. याच्यामागे एक यंत्र आहे. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यावर मॅककर्चर नावाच्या माणसाने ते बसवलं. दातेरी रुळांमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि वळवायचं. त्याचाच सीटीसी चहा. पान वळून तयार केलेल्या जुन्या पद्धतीच्या चहापेक्षा हा दाणा भराभर रंग सोडतो, कडक उतरतो, आणि एका किलोत कप जास्त निघतात. स्वातंत्र्यानंतर हाच चहा देशभर पसरला. १९५४ पासून टी बोर्ड काम पाहतं. आज देशात वर्षाला १३० कोटी किलोच्या आसपास चहा तयार होतो, त्यातला दहात नऊ हिस्से हा दाण्याचाच. आणि जो देश एकेकाळी फुकट पाजून शिकवावा लागला, तो आता आपला ऐंशी टक्के चहा स्वतःच पिऊन टाकतो. आमच्या उकळायच्या सवयीला शोभेल असाच चहा यंत्राने काढून दिला. सवय आधी की यंत्र आधी, याचा निकाल मी लावत नाही, पण दोघांचं जमलं एवढं खरं.

१९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी तेव्हा बारा वर्षांचा. खडी फोडायच्या कामावर गावचं गाव गेलेलं. रेशनला लाल मिलो, कामावर सुकडी. जनावरं विकलेली, म्हणून दूध नाही. साखर रेशनची, तीही कधी येईल तेव्हा. तरी चहा थांबला नाही. कोरा, गुळाचा. खडी फोडणाऱ्या बाया सांगायच्या, "भाकर नसली तं चालते, पन सकाई च्या पाह्यजे." आधी मला ते नवल वाटायचं. नंतर कळलं, रिकाम्या पोटावर गरम आणि गोड काही गेलं की भूक दोन तास मरते. शौक म्हणून आलेली वस्तू त्या वर्षी भुकेवरचा उतारा झाली, आणि मग ती घरातून हललीच नाही. गुळाच्या चहाचं एक तंत्र आहे. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की दूध फाटतं. म्हणून आधी कोरा चहा गुळासकट उकळून खाली उतरवायचा, आणि वेगळं तापवलेलं दूध शेवटी घालायचं. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. दोनदा दूध फाटलं आणि ती शिकली.

आता त्या कपाच्या प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे सालदार ठेवायची पद्धत. अखाजी ते अखाजी असा एक वर्षाचा करार, धान्य ठरलेलं, पैसे ठरलेले. चहा आला तसा करारात न लिहिता तोही आला, सकाळी एक आणि दुपारी एक. आमचा सालदार बौद्धवाड्यातला होता. त्याचा कप वेगळा. कान तुटलेला, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. चहा वरून ओतायचा, प्याल्यावर त्याने तो स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. गावच्या हॉटेलातही तसाच बाहेरचा वेगळा कप होता. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालचा. हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. म्हणजे मी जन्माला आलो त्याच्या आधीच तो कप बेकायदा झाला होता. पण कायद्याला आमच्या गोठ्याची वाट सापडायला पुढे वीस वर्षं लागली.

सालदाराचा मुलगा आणि मी एका वर्गात. दहावीच्या वर्षी तो भूमितीचं पुस्तक मागायला घरी आला. आईने त्याला ओट्यावर नाही, आत बसवलं आणि आमच्यातलाच कप भरून दिला. आजी माजघरात होती. ती एवढंच म्हणाली, "तो कप आता बाजूले ठिव." आईने तो कप धुतला, त्याच्यात स्वतःचा चहा ओतला आणि आजीसमोर बसून प्याली. पहिल्यांदाच बसून. बोलली काही नाही. आजीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईने गोठ्यातला कप काढून उकिरड्यावर टाकला आणि सालदाराला घरातला कप दिला. तर तो म्हातारा म्हणाला, "माहा कप कुठी गेला वो माय?" त्याने तो उकिरड्यावरून शोधून आणला, आणि साल सोडेपर्यंत त्याच्यातच चहा प्याला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं, आपण द्यायचं म्हणून दिलं आणि त्याने लगेच हात पुढे करायचा, हा तरी कुठला न्याय? त्याचा मुलगा पुढे नोकरीला लागला, भुसावळला राहतो. मी गेलो की त्याच्या घरी चहा होतो, भरपूर अद्रक घातलेला. तो माझ्या घरी येतो तेव्हा गप्पा मारतो, पाणी पितो. चहा मात्र "आत्ताच झाला" म्हणतो. मी "घोटभर घे" म्हणतो. तो हसतो आणि विषय बदलतो. मी आग्रह धरत नाही.

चहाने आमच्या दुधाचंही गणित बदललं. आधी दूध घरात मुरायचं, त्याचं दही, ताक, तूप व्हायचं. मग डेअरीची गाडी यायला लागली. दूध विकून रोकड मिळते, ती कोणाला नको? पण पोरांच्या वाटीतलं दूध गेलं आणि त्या जागी चहा-पोळी आली. आजही सकाळी शाळेत जाणाऱ्या कितीतरी लेकरांचं खाणं म्हणजे चहात बुडवलेली पोळी. आणि बायकांचं? जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई रक्तवाढीच्या गोळ्या देताना बजावून सांगतात, "चहाबरोबर घेऊ नका." घरी येऊन बाई गोळी घेते ती चहाबरोबरच, कारण दिवसभरात तिला बसायला मिळतं तेवढाच तो वेळ. तिथे चहाचं काय चुकलं? जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ काम होतं. माझ्या सुनेने ते घरात सुरू केलं आणि सगळ्यांना पाळायला लावलं.

अलीकडे मी पुन्हा पानाचा चहा आणायला लागलो. नातू पुण्याला शिकतो, तो घेऊन येतो. सुटा, लांब पानाचा. आमच्या गावातले लोक म्हणाले, "याच्यात काही दम नाही भो." दम नाही कारण ते त्याला उकळतात. पानाचा चहा उकळला की कडू होतो आणि वासही उडून जातो. त्याला स्टेशनवरच्या जुन्या पाटीचीच कृती लागते. पाणी चांगलं उकळून खाली उतरवायचं, कपामागे छोटा चमचाभर, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास पत्ती टाकायची, ताटली झाकायची आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. ती चार मिनिटं थांबणं हेच आमच्या लोकांना जमत नाही. मग गाळून घ्या. दूध पाहिजे तर थोडं गरम दूध वरून. दाण्याचा चहा असला तर मात्र खुशाल उकळा, तो त्याच्यासाठीच केलेला आहे. पण पत्ती टाकल्यावर दोन-तीन मिनिटं पुरे. हॉटेलवाल्यासारखा तासभर उकळत ठेवला तर त्यात चव राहत नाही, कडूपणा तेवढा राहतो.

पाण्याचंही सांगितलं पाहिजे. आमच्या शेतातल्या बोअरचं पाणी क्षाराचं. त्या पाण्याचा चहा काळवंडतो आणि वर मळकट तवंग येतो. लोक चहापत्तीला नावं ठेवतात. तीच पत्ती पावसाच्या साठवलेल्या पाण्यात किंवा चांगल्या विहिरीच्या पाण्यात टाका, रंग विटकरी लाल येतो. पत्ती बदलायच्या आधी पाणी बदलून बघावं.

आणि सुटी पत्ती घ्यायची तर पारखून घ्यावी. वापरलेला चोथा वाळवून, रंग देऊन विकणारे लोक आहेत. पांढऱ्या टिपकागदावर थोडी पत्ती पसरा, वर पाण्याचे थेंब सोडा, मग पत्ती झटकून कागद उजेडात धरा. चांगल्या पत्तीचा डाग अगदी पुसट पडतो, रंग दिलेलीचा ठळक पडतो. लोखंडाचा कीस मिसळला असेल तर पत्तीवरून लोहचुंबक फिरवलं की कळतं. पोरांना हा खेळ वाटतो आणि ते आवडीने करतात.

'गूळपाणी' हा शब्द आता आमच्या भागात फारसा ऐकू येत नाही. 'च्यापाणी' ऐकू येतं, आणि त्याचेही दोन अर्थ झाले आहेत. घरात 'च्यापाणी झालं का?' म्हटलं की ती विचारपूस. कचेरीत 'च्यापाण्याचं बघा' म्हटलं की खिशात हात घालायचा. गुळपाण्याच्या नावाने कोणी कधी लाच मागितली नव्हती. सोयरीक ठरवायची तर चहाला बोलावतात, भाऊबंदकी मिटवायची तर आधी एकमेकांच्या घरचा चहा घ्यावा लागतो, मयताच्या घरी दहाव्यापर्यंत शेजारी किटली घेऊन जातात. ज्यांनी माल खपावा म्हणून आम्हाला चहा शिकवला, त्यांच्या हिशेबात यातलं काहीच नव्हतं.

आमच्या घरात आता बारा कप आहेत, सगळे एकसारखे, कान शाबूत. मजूर, पाहुणा, तलाठी, सोयरा, कोणीही आला तरी त्यातलाच कप पुढे जातो. चहा गाळल्यावर आधी एक कप सून बाजूला काढून ठेवते. तो आईचा. आई आता नव्वदीच्या घरात आहे. ती तो खाटेवर बसून, बशीत ओतून, सावकाश पिते. दूध भरपूर, पहिल्या पाण्याचा.